चिल्लर बाईंचं दार

चिल्लर बाई हे नाव स्टाफरूममध्ये पडलं, भर चहाच्या वेळी, आणि ज्यांनी पाडलं त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात युरोप शिकवणारे बरेच जण होते. कुणाकडे जर्मनी, कुणाकडे फ्रान्स, कुणाकडे ब्रिटन, आणि प्रत्येक जण आपापल्या देशाचा जावई असल्यासारखा वागायचा. बाईंकडे बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. एकमेकांना खेटून बसलेले तीन लहान देश, त्यांचं आजचं राजकारण आणि तिथला समाज. तर एके दिवशी विभागप्रमुख बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाले, "मोठ्या नोटा आम्ही वाटून घेतल्या, चिल्लर तेवढी बाईंच्या पदरात पडली." सगळे हसले. बाईही हसल्या असत्या तर विषय तिथंच मिटला असता. पण त्यांनी कप खाली ठेवला.

"सर, सुटे नसले की मोठी नोट हातात धरून दुकानदाराच्या तोंडाकडे बघत उभं राहावं लागतं. कधी अनुभव नाही आला?"

प्रमुखांचं बिस्कीट चहात पडलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे विद्यार्थीही पाठीमागे तेच म्हणायला लागले, मग तोंडावर, आणि शेवटी बाई स्वतःच फोनवर "हां, चिल्लर बोलतेय" म्हणायला लागल्या. चिडवणाऱ्याची सगळी मजाच गेली.

आता या बाईंना नाकावर माशी बसू द्यायची सवय कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. उंचीने बेताच्या, आवाजाने दणदणीत. वडील सुतार, मोठा भाऊ सुतार, घरात पुस्तकांपेक्षा लाकडाचा भुसा जास्त. भावंडांत त्या शेंडेफळ. दप्तर दादाचं जुनं, सायकल दादाची जुनी, आणि पलंगावरची जागा पायथ्याशी. वाटपात आपण शेवटी, हे त्यांना इतक्या लहानपणी कळलं होतं की भांडायचं कसं हेही त्याच वयात कळलं.

संशोधनाला विषय घ्यायची वेळ आली तेव्हाही तेच झालं. मार्गदर्शकांच्या खोलीबाहेर रांग लागली, आणि बाईंचा नंबर येईपर्यंत मोठे देश संपले होते. "हे तिघे उरलेत," मार्गदर्शक म्हणाले, जसं काही भाजीवाला टोपली उलटी करून दाखवतो. त्या दिवशी बाई घरी येऊन रागाने रडल्या. दादा रंधा मारत बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "काय झालं?" सांगितल्यावर म्हणाला, "मोठ्या फळीत चूक खपून जाते गं. लहानसा खण बनवायचा म्हटलं की केसभर चुकून चालत नाही. करून तर बघ."

बाईंनी करून बघितलं. शिष्यवृत्ती मिळवून एक वर्ष तिकडे राहूनही आल्या. आल्यावर लोकांनी विचारलं, काय पाहिलंस? बाईंनी एकच गोष्ट सांगितली, आणि आयुष्यभर तीच सांगत आल्या. सीमेवरच्या एका लहानशा गावात त्या दोन नगरपरिषदांची एकत्र बैठक बघायला गेल्या होत्या. इकडची परिषद एका देशाची, तिकडची दुसऱ्या देशाची. विषय होता बसथांब्यावरचं छप्पर कुठल्या बाजूला घालायचं. लोक तावातावाने बोलत होते. बाईंना वाटलं, आता कुणीतरी टेबलावर हात आपटेल आणि म्हणेल, बास, मी सांगतो ते ऐका. तसं कुणी म्हटलंच नाही. कुणी म्हणूच शकत नव्हतं. तिथं दुसऱ्याला गप्प बसवण्याएवढं मोठं कुणी नव्हतंच. त्यामुळे सगळ्यांना बोलत बसणं भाग होतं. बाई मागच्या बाकावर बसून ऐकत राहिल्या. जन्मभर त्यांना कुणी ना कुणी गप्प बसवलं होतं. अशीही एक खोली असू शकते, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी आपली खोली तशी बनवली.

ती खोली म्हणजे इमारतीच्या दोन भागांच्या सांध्यावरची एक तिरपी खोली. राज्यशास्त्राच्या पॅसेजच्या अगदी टोकाला, जिन्याशेजारी. कुणालाच नको होती, कारण भिंती काटकोनात नव्हत्या आणि फळा कुठल्याही बाकावरून पूर्ण दिसत नव्हता. बाईंनी ती मागून घेतली. भिंतींवर छोट्या छोट्या गावांचे नकाशे लावले, बैठका दाखवायला एक जुना पडदा मिळवला, कोपऱ्यात किटली ठेवली. प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाच्या सुरुवातीला त्या तीन देशांतलं एक गाव मिळायचं. मोठं शहर नाही, गाव. वर्षभर त्या गावाच्या परिषदेच्या बैठका इंटरनेटवर बघायच्या, भाषा येत नसली तरी यंत्राने भाषांतर करून घ्यायचं आणि दर आठवड्याला वर्गाला सांगायचं की आपल्या गावात सध्या भांडण कशावरून चाललंय. शाळा बंद करण्यावरून, निर्वासितांना घरं देण्यावरून, कुठली पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून. सुरुवातीला मुलं कंटाळायची. महिन्याभरात मात्र "आमचा महापौर" आणि "तुमचा विरोधी पक्ष" अशी भाषा सुरू व्हायची, आणि किटलीभोवती दोन गावांची जुंपायची.

वर्षातून एकदा "सरकार बनवा" असायचं. वर्गाचे पक्ष पाडायचे, कुणालाच बहुमत द्यायचं नाही, आणि मतदान न घेता, नुसतं बोलून सरकार बनवायचं. एका वर्षी वर्गाला अख्ख्या सत्रात सरकार बनवता आलं नाही. मुलं तोंडं पाडून आली. बाईंनी सगळ्यांना भरभरून गुण दिले. "अरे, बेल्जियमला एकदा दीड वर्ष लागलं होतं. आणि तुम्ही तर एका सत्रातच तोंडं पाडून बसलात!"

विभागप्रमुखांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. ते महासत्ता शिकवायचे. त्यांचा वर्ग म्हणजे ते बोलणार, बाकीचे लिहून घेणार. एकदा कुणा पाहुण्यांना विभाग दाखवत फिरताना त्यांनी बाईंच्या खोलीत डोकावलं. बाई बार्ले नावाच्या गावाबद्दल सांगत होत्या. त्या गावात बेल्जियमचे तुकडे नेदरलँड्सच्या पोटात विखुरलेले आहेत. सीमा रस्त्यातून जाते, दुकानातून जाते, घराच्या मधून जाते. मग घर कुठल्या देशाचं, हे ठरवायचं कसं? तर पुढचं दार ज्या देशात उघडतं, त्या देशाचं घर.

"दारावरून देश?" प्रमुख पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले. "मग चोर खिडकीतून शिरला तर तो कुठल्या देशाचा?"

वर्ग हसला. पाहुणेही हसले.

"खिडकीला तिथं कुणी विचारत नाही, सर," बाई म्हणाल्या. "आणि सीमा नव्याने मोजल्यावर एका घराचं दार दुसऱ्या देशात गेलं, तर घरातल्या बाईने देश बदलण्यापेक्षा दारच सरकवून घेतलं, असं सांगतात. तिला म्हणतात माणूस."

"हो का? छान, छान," म्हणत प्रमुख पाहुण्यांना पुढे घेऊन गेले. ही गोष्ट ते स्टाफरूममध्ये बरेच दिवस रंगवून सांगत होते.

आता प्रमुखांबद्दलही थोडं सांगायला हवं, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल की माणूस अगदीच वाईट. तसं नव्हतं. विभागासाठी जीव टाकणारा माणूस. फक्त विभाग आणि आपण यात फरक आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी भूगोल विभाग होता. पाच वर्षांपूर्वी त्या दोन विभागांच्या मधला मोठा हॉल प्रमुखांनी पटकावला, तो किस्सा विद्यापीठभर माहीत होता. हॉलला दोन दारं होती. एक राज्यशास्त्राच्या पॅसेजमध्ये, दुसरं भूगोलाकडे, पण ते कुणी उघडत नसे. प्रमुखांनी बैठकीत ठणकावून सांगितलं, "वापरातलं दार ज्या पॅसेजमध्ये उघडतं, त्या विभागाची खोली. साधी गोष्ट आहे." तसा नियमच मंजूर करून घेतला. भूगोलाचे नकाशे, फळ्या, दुर्बिणी बाहेर आल्या आणि एक भला मोठा पृथ्वीगोल तेव्हापासून भूगोलाच्या जिन्याच्या वळणावर पडून होता. येणारे-जाणारे त्याच्यावर पिशव्या ठेवायचे. भूगोलवाले सर शांत माणूस. पण जिना चढताना दर वेळी त्या गोलावरच्या पिशव्या उचलून बाजूला ठेवायचे, हे बाईंनी पाहिलं होतं.

यंदा खोल्यांचं वाटप पुन्हा व्हायचं होतं. एकदा झालं की ते पाच वर्षं हलत नाही. वाटपाच्या तोंडावर प्रमुखांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली. खुर्ची पुढे केली तेव्हाच बाईंनी ओळखलं, आपलं काहीतरी जाणार.

"बाई, आपण महासत्ता कक्ष उभारतोय. मोठा पडदा, गोल टेबल, सगळं. जागा तुमची खोली. ती आणि शेजारची, या दोन खोल्यांमधली भिंत पाडली की झालं."

"आणि माझा पेपर?"

"तो मी माझ्या पेपरात सामावून घेतो. दोन तास देतो तुम्हाला."

"तीन देशांना दोन तास?"

"लक्झेंबर्ग काय, येता-जाता उरकाल!" प्रमुख आपल्याच विनोदावर हसले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऐका. जर्मनी तुम्ही घ्या. आणि प्राध्यापकपदाच्या यादीत तुमचं नाव मी घालतोय. किती वर्षं वाट बघताय? तुमच्या मागून आलेले पुढे गेले. मला कळत नाही का?"

विद्यापीठात वेळापत्रक खोल्यांवरून बनायचं. ज्या ऐच्छिक पेपरला स्वतःची खोली नाही, तो दुसऱ्या कशात तरी मिसळायचा आणि मग विरघळून जायचा. खोली गेली की पेपर गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, "विचार करून सांगते," आणि बाहेर आल्या.

त्यांना बढती हवी होती. उगाच साधूपणा नको. त्या दिवशी घरी हात-तोंड धुताना त्यांनी आरशात बघून "प्राध्यापक" असं हळूच म्हणून पाहिलं, आणि ते ऐकायला बरं वाटलं. आईला सांगितलं तेव्हा म्हातारीचा चेहरा असा खुलला की बाईंना पुढचं बोलवेना.

"घे की गं जर्मनी," आई म्हणाली. "मोठा आहे म्हणतात. त्या तिघांत काय आहे? एवढेसे देश, आणि दोघांकडे राजा, तिसऱ्याकडे आणखी कोणीतरी."

"ड्यूक."

"तेच ते. बसायला जागा नाही आणि खुर्च्या केवढ्या. तू आपली जर्मनी घे. मी शेजारच्या काकूंना सांगूनसुद्धा टाकलं."

बाईंनी कदाचित घेतलाही असता जर्मनी. माणूस थकतो. आठवडाभर त्या गप्प होत्या, आणि त्या गप्प आहेत म्हणून वर्गही गप्प होता.

पण प्रमुखांना दम निघाला नाही. बाईंचं उत्तर यायच्या आधीच, भर तासाला, दोन माणसं मोजमापाची टेप घेऊन खोलीत शिरली. एक मुलगी आपल्या गावातल्या शाळेबद्दल सांगत होती. टेपवाल्याने तिच्या पुढ्यातून टेप ओढली, "जरा सरका ताई" म्हणाला आणि भिंतीवरचा नकाशा खाली काढला. मुलगी बोलायची थांबली. तिने बाईंकडे पाहिलं.

बाईंना संताप आला. असा, की कानशिलं तापली. एवढी वर्षं या खोलीत एक गोष्ट पाळली होती, बोलणाऱ्याला कुणी मधेच गप्प करायचं नाही. आणि आता टेपने गप्प केलं होतं.

"तू बोल गं," त्या मुलीला म्हणाल्या. "अहो, तुम्ही मोजा, पण ती बोलेल."

मुलगी बोलत राहिली, माणसं मोजत राहिली. मागची भिंत मोजायला नकाशांचं जुनं कपाट आडवं येत होतं. दोघांनी ते कण्हत-कुंथत बाजूला सारलं. मागे दार होतं. रंगाचे थर बसलेलं, कडी गंजलेली, पण दार.

"हे कुठं उघडतं, मॅडम?" टेपवाल्याने विचारलं.

बाई बघतच राहिल्या. कपाट त्या आल्या तेव्हापासून तिथंच होतं. "तिकडे काय आहे?" त्या म्हणाल्या, पण सांध्यावरच्या खोलीच्या त्या बाजूला काय आहे हे त्यांना माहीत होतं. भूगोलाचा पॅसेज.

शाळेबद्दल बोलणारी मुलगी पुन्हा थांबली. या वेळी कुणी तिला गप्प केलं नव्हतं. तिने दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. सगळ्या वर्गाला बार्लेची गोष्ट पाठ होती.

"हाताची घडी, तोंडावर बोट," बाई म्हणाल्या. "कुणी कुठं काही बोलायचं नाही."

त्या तडक भूगोलात गेल्या. भूगोलवाले सर खिडकीशी उभे राहून पेन्सिलला टोक करत होते. बाईंनी खोली, पेपर, दार, सगळं एका दमात सांगितलं. तुमच्या विभागात येते, पेपर घेऊन येते, प्रादेशिक अभ्यासाची तुमची एक जागा रिकामी आहे, ती मला द्या.

सरांनी ऐकून घेतलं. "यात मला काय?"

हा प्रश्न आला म्हणून बाईंना बरं वाटलं. गरजेपोटी हात पसरणं त्यांना जमत नव्हतं, देवाणघेवाण जमत होती. सरकार बनवायला बसल्यावर पहिल्या दिवशी हाच प्रश्न असतो.

"तुमचा हॉल ज्या नियमाने गेला, त्याच नियमाने एक खोली आत येईल. ही एक गोष्ट. दुसरी, नकाशावाचनाचे तास तुमच्याकडे कुणालाच घ्यायचे नसतात. ते मी घेईन."

"पहिल्या वर्षाचे?"

"पहिल्या वर्षाचे."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. नकाशावाचनाचा पहिल्या वर्षाचा वर्ग म्हणजे काय, हे भूगोलात सगळे जाणून होते. "बाई, तुम्हाला कल्पना आहे ना? इकडे आलात की तिकडची सगळी वर्षं गेली. ज्येष्ठतेत तुम्ही आमच्याकडे सगळ्यात शेवटी. प्राध्यापकपद निवृत्तीपर्यंत यायचं नाही."

"शेवटी उभं राहायची मला सवय आहे, सर. जन्मापासूनची."

"आणि किटली?"

"किटलीही येईल."

"मग झालं सरकार," भूगोलवाले सर म्हणाले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले.

सुट्टीच्या दिवशी दादा हत्यारांची पिशवी घेऊन आला. इमारतीच्या चौकीदाराने विचारलं तर बाईंनी सांगितलं, पुस्तकांसाठी फळ्या ठोकायच्यात, आणि ते खोटं नव्हतं. दादाने भूगोलाकडच्या दाराचा रंग खरवडला, बिजागऱ्या काढून तेल पाजलं, कडी नवी बसवली. दार दोनदा कुरकुरलं आणि मुकाट्याने उघडलं. पलीकडे पॅसेजमध्ये ऊन पडलं होतं. मग त्याने राज्यशास्त्राकडच्या दारावर आतून जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांची मांडणी ठोकली, भिंतीत पक्की.

"ही हलणार नाही," तो खिळा तोंडात धरून म्हणाला. "पुन्हा हे दार उघडायचं मनात आलं तर मला बोलावू नकोस. मी केलेलं काम मी मोडत नाही."

"नाही बोलावणार."

"आणि बढतीचं आईला कोण सांगणार?"

"मी."

"मग मी आज तुझ्याकडे जेवायला येत नाही," दादा म्हणाला, आणि हत्यारं गोळा करून खरंच निघून गेला.

आईला सांगणं सोपं नव्हतं. आई ओरडली नाही, ते जास्त लागलं. तिने फक्त विचारलं, "म्हणजे मोठी होता होता राहिलीस?" बाई ताटावरून उठल्या, पुन्हा बसल्या, आणि जेवल्या. आईची समजूत अजूनही पटलेली नाही. फक्त काही दिवसांनी तिने विचारलं, "त्या खोलीला खिडकी तरी आहे का?"

सुट्टी संपली त्याच सकाळी वाटपाच्या पाहणीला इमारत अधिकारी आले. माणूस नियमाच्या बाहेर बोटभरही न जाणारा. बरोबर प्रमुख होते, आणि महासत्ता कक्षाचं गोल टेबल पॅसेजमध्ये येऊन उभंच होतं. अधिकाऱ्यांनी खोलीचं दार ढकललं. हललं नाही. खांद्याने ढकललं. पलीकडून पुस्तकांचा भरीव आवाज आला.

"हे दार वापरात नाही," अधिकारी म्हणाले.

"म्हणजे? कालपर्यंत होतं!"

जिना उतरून, अंगण ओलांडून, भूगोलाचा जिना चढून सगळे पलीकडे आले. जिन्याच्या वळणावर पृथ्वीगोल होता, त्यालाही वळसा घालावा लागला. नव्या दारात बाई आणि भूगोलवाले सर उभे होते. आत वर्ग भरलेला.

"हा पोरखेळ आहे," प्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "दार सरकवलं म्हणून खोली दुसऱ्याची होते? असं कुठं असतं का?"

"असतं, सर," वर्गातून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग खुसखुसला.

अधिकाऱ्यांनी दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, पुन्हा उघडून पाहिलं. "वापरातलं दार ज्या पॅसेजमध्ये, त्या विभागाची खोली," ते म्हणाले. "नियम तुमच्याच विभागाने मांडलाय, सर. हॉलच्या वेळी."

प्रमुखांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी बाईंकडे असं पाहिलं की बाईंना क्षणभर वाईट वाटलं. अनेक वर्षं एकत्र काम केलं होतं. एकदा बाई आजारी असताना या माणसाने त्यांचे सगळे तास घेतले होते, लक्झेंबर्गसकट. पण वाईट वाटलं म्हणून दार परत लावता येत नव्हतं.

नवीन सत्र सुरू झालं. नव्या दारावर विद्यार्थ्यांनी पाटी लावली, त्यावर बाईंचं नाव नव्हतं, नुसतं "चिल्लर" होतं, ठसठशीत अक्षरांत. इमारत अधिकाऱ्यांनी ती काढायला सांगितली. बाईंनी काढली नाही. दुपारी पहिल्या वर्षाचं नकाशावाचन असायचं आणि चाळीस पोरं कंपास हरवायची. बाईंचा घसा बसायचा, रात्री पाय दुखायचे. तरी सकाळी वर्गात गावांची भांडणं सुरू झाली की त्यांना सगळं विसरायला व्हायचं.

आणि मग एका सकाळी, "सरकार बनवा" ऐन रंगात असताना, पुस्तकांच्या मांडणीच्या मागून ठकठक झाली.

सगळ्या माना तिकडे वळल्या. पुन्हा ठकठक झाली. मांडणीपलीकडून प्रमुखांचा आवाज आला, पुस्तकांतून गाळून आल्यासारखा बारीक.

"बाई, आहात का? प्राध्यापकांची यादी आज पाठवतोय. तुमचं नाव मी अजून खोडलेलं नाही. परत या. हे दार उघडा, मी सगळं निस्तरतो."

बाई मांडणीजवळ गेल्या. फळीवर हात ठेवला. दादाचे खिळे होते ते. त्यांच्या मनात आलं, आई. आईचा तो खुललेला चेहरा. मागे वर्ग बसला होता. ज्या मुलाचं बोलणं अर्ध्यावर तुटलं होतं, तो तसाच उभा होता, एक बोट वर करून, आपली पाळी कधी येते म्हणून.

"नाव खोडा, सर," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच दणदणीत निघाला. "आणि तुम्हाला आमचं काम बघायचं असेल तर जरूर या, एक खुर्ची रिकामी ठेवते. बोलायची पाळी सगळ्यांना मिळते. फक्त खाली उतरून, अंगणातून वळसा घालून या. ही खोली आता परदेशात आहे."

पलीकडे दाराची कडी एकदा हलली. मग पावलं वाजली, जिन्याच्या दिशेने. ती खाली अंगणात वळली की केबिनकडे गेली, ते आतून कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी दाराजवळची एक खुर्ची ओढून रिकामी ठेवली, आणि उभ्या राहिलेल्या मुलाला म्हणाल्या, "हां, तू बोल. तुझ्या पक्षाचं काय म्हणणं होतं?"